मेल सर्व्हर शिफ्ट करणं आणि त्यांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका छोट्या ईमेल होस्टिंग कंपनीत मी सतरा वर्षं सर्व्हर सांभाळते आहे. आमचे ग्राहक म्हणजे सीएंची ऑफिसं, शाळा, छापखाने, पॅथॉलॉजी लॅब. आमच्या मशीनना किल्ल्यांची नावं आहेत. सर्व्हर हलवायची तारीख कळवली की दर वेळी तेच प्रश्न येतात. निम्मे ग्राहकांचे असतात, निम्मे या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. सर्व्हर शिफ्ट करणार म्हणजे नक्की काय हलवणार?

बहुतेक वेळा लोखंडी पेटी जागची हलत नाही. नव्या रॅकमध्ये नवं मशीन उभं राहतं, जुन्यावरचे मेल त्यावर कॉपी होतात, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या वहीत, 'या डोमेनचे मेल आता इकडे द्या' असा बदल होतो. काही दिवसांनी जुनं मशीन बंद करतो. मशीनच उचलून न्यायची वेळ क्वचित येते. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. माझा ईमेल आयडी किंवा पासवर्ड बदलेल का?

नाही. आयडी तुमच्या डोमेनचा (ॲट चिन्हाच्या पुढच्या नावाचा) आहे, तो आमच्या कुठल्याही मशीनवर अवलंबून नाही. पासवर्डही तोच राहतो. फक्त फोनमध्ये किंवा आउटलुकमध्ये सर्व्हरच्या जागी कोणी थेट आयपी नंबर (मशीनचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) किंवा किल्ल्याचं नाव टाकलं असेल, तर ते बदलावं लागेल. का, ते प्रश्न ७ मध्ये.

३. शिफ्टिंगच्या रात्री कोणी मेल पाठवला तर तो हरवेल का?

हरवणार नाही. दार बंद दिसलं म्हणून पोस्टमन पत्र फाडून टाकत नाही, तसंच इथे आहे. समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आज मेलची देवघेव ज्या नियमावलीने चालते ती आरएफसी ५३२१, ऑक्टोबर २००८ ची. (आरएफसी म्हणजे इंटरनेटबद्दलचे सर्वांसाठी खुले, क्रमांक दिलेले दस्तऐवज.) तिच्यानुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारण अर्धा तास जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये.

खरा धोका बंद दाराचा नसून चुकीच्या उत्तराचा असतो. नवा सर्व्हर सुरू केला पण त्यावर तुमचं खातं अजून तयार नसेल, तर तो ठामपणे सांगतो की 'अशी व्यक्ती इथे राहत नाही'. हा ५५० क्रमांकाचा नकार कायमचा मानला जातो. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, मेल तसाच परत जातो. म्हणून आम्ही आधी सगळी खाती तयार करतो, ती मोजून जुन्या यादीशी ताडून पाहतो आणि मगच दार उघडतो.

एक गैरसोय मात्र होते. बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर तो वीस मिनिटं उशिरा येऊन उपयोग नसतो. त्या रात्री असे व्यवहार ठेवू नका.

४. रात्रीत काम होतं, तर दोन दिवस आधीपासून तयारी कसली?

डीएनएसची. प्रत्येक नोंदीवर टीटीएल नावाचा आकडा असतो. 'हे उत्तर इतके सेकंद लक्षात ठेवलं तरी चालेल' असा त्याचा अर्थ. तो ८६,४०० असेल तर जगातले सर्व्हर तुमचा जुना पत्ता दिवसभर धरून बसू शकतात. आम्ही तो आधी ३०० वर आणतो. पण ३०० झाल्याचं जगाला कळायलाही जुना एक दिवस जाऊ द्यावा लागतो, आणि घाईत नेमकं हेच विसरलं जातं. शिफ्टिंगच्या संध्याकाळी टीटीएल कमी करून काहीच हाती लागत नाही.

५. सर्व्हरला नाव कशाला हवं? नंबर असतो ना?

असतो. पण रात्री दोन वाजता फोनवर 'एकशे चौऱ्याण्णव की एकशे चौऱ्याहत्तर?' असं विचारून पाहा. माणसं नावाने बोलतात.

ही परंपरा इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकेतल्या नेटवर्कच्या, काळात सगळ्या मशीनच्या नावांची एकच फाइल कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. मशीन वाढली, फाइल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर आरएफसी ११७८ लिहिलं. ते अवघं काही पानांचं आहे आणि आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात वाचायला देते. मशीनचं नाव 'अप' ठेवलं तर 'अप डाउन आहे का?' असे संवाद होतात, हे त्यातलंच. कामावरून नाव देऊ नका, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा सल्ला. तिथलं उदाहरण एका कारखान्याचं आहे. शॉप फ्लोअरवरची यंत्रं चालवायची म्हणून मशीनचं नाव 'शॉप' ठेवलं. मग तशाच कामाचं दुसरं मशीन आलं, पुढे आणखी पाच आली, आणि मूळ 'शॉप' भलत्याच प्रकल्पावर गेलं. नाव तेवढं मागे राहिलं.

आपल्याकडेही सुरुवात अशाच नावांनी झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेटच्या (शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या भारतातल्या नेटवर्कच्या) काळात मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतल्या मशीनची नावं 'शक्ती', 'साथी' अशी होती. त्या काळातल्या मेलच्या पत्त्यांमध्ये ती अजून सापडतात. मला ही नावं वाचताना फार आपलेपणा वाटतो. परदेशातल्या यादीतून उचललेली नाहीत, रोज तोंडात असलेले शब्द आहेत.

६. मग तुम्ही किल्ल्यांचीच नावं का घेतली?

पहिलं कारण साधं आहे. आमच्यातले चौघे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायचे. दुसरं कारण कामाचं. किल्ल्यांची नावं संपत नाहीत, आणि त्यात जोड्या सापडतात. लोहगड आणि विसापूर एकमेकांना लागून आहेत, मधे फक्त गायमुख खिंड. म्हणून एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या मशीनना आम्ही ती नावं दिली. लोहगडला काही झालं तर विसापूर बघायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

अडचण येते ती रोमन स्पेलिंगची. सिंहगड लिहायचा तर मधे एन की एम, जी घालायचा की नाही? तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिला. त्यामुळे सिंहगड आम्हाला कितीही जवळचा असला तरी त्या नावाचं मशीन आमच्याकडे नाही. हरिश्चंद्रगड तर टाइप करतानाच दमायला होतं. तोरणा, रोहिडा, कोरीगड अशी छोटी आणि एकाच तऱ्हेने लिहिली जाणारी नावं निवडतो. एक प्रयोग करून पाहा: नाव फोनवर सांगा आणि समोरच्याला टाइप करायला लावा. पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर घ्या.

७. इतकी छान नावं आहेत, तर सेटिंगमध्ये साधं 'मेल डॉट अमुकतमुक' का लिहायला सांगता?

कारण मशीनचं नाव मशीनपाशीच राहिलं पाहिजे. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मशीनला स्वतःचं नाव द्या, पण जगाला कामाचं नाव सांगा. 'मेल डॉट तुमचं डोमेन' हे कामाचं नाव. आज ते तोरण्याकडे बोट दाखवतं, उद्या रोहिड्याकडे दाखवेल. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० मशीनमध्ये पहिला नेटवर्कवरचा मेल पाठवला, तेव्हा ॲट या चिन्हाच्या पुढे थेट मशीनचंच नाव होतं: बीबीएन-टेनेक्स-ए. 'या मशीनवरचा अमुक माणूस' इतकाच त्या चिन्हाचा अर्थ. मशीन बदललं की पत्ता बदलला. पुढे १९८६ मध्ये आरएफसी ९७४ ने एमएक्स नोंदीचा (डोमेनचे मेल कुठल्या मशीनला द्यायचे ते सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदीचा) वापर कसा करायचा ते ठरवून दिलं, आणि पत्ता मशीनपासून सुटा झाला. आज आम्ही रातोरात सर्व्हर बदलू शकतो ते या एका सोयीमुळे.

ही सोय असूनही ती वापरली नाही तर काय होतं, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबईकरांचे पत्ते 'जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असे असायचे, पुणेकरांचे 'जीआयएएसपीएन०१' वाले. जीआयएएस म्हणजे गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस, बीएम म्हणजे बॉम्बे, ०१ म्हणजे पहिलं मशीन. सेवेचं नाव, शहर आणि मशीनचा नंबर असं सगळं माणसाच्या पत्त्यात. लोकांनी ते व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर, दुकानाच्या पाटीवर छापलं. पुढे 'बॉम३', 'पीएन३' असे नवे पत्ते आले आणि छापलेलं सगळं जुनं झालं. माझ्या वडिलांच्या कार्डांचा गठ्ठा अजून कपाटात आहे. त्यातल्या एका कार्डावर छापील पत्ता पेनाने खोडून वर नवा लिहिला आहे, आणि तोही पुन्हा खोडला आहे.

८. राजगडावरून रायगडावर जाताना काय घोटाळा झाला होता?

हे आमच्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते.

आमचं मेल साठवणारं मुख्य मशीन राजगड. त्याच्या जागी नवं आणायचं ठरलं, तेव्हा त्याचं नाव रायगड ठेवावं असं मीच सुचवलं. स्वराज्याची राजधानीही राजगडावरून रायगडावर गेली होती. यापेक्षा समर्पक नाव कुठलं? सगळ्यांना आवडलं.

कॉपी नीट झाली. तीन दिवस दोन्ही मशीन बरोबरीने चालली. चौथ्या दिवशी दुपारी जुनं बंद करायचं होतं. स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या, दोन्हींत वर मशीनचं नाव. रोमनमध्ये या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे, एकात जे आणि एकात आय. छोट्या लिपीत दोन्हींवर टिंब असतं. फरक असतो तो फक्त ओळीखाली उतरणाऱ्या जेच्या शेपटीचा. ती शेपटी मला दिसली नाही, आणि मी रायगड बंद केला.

अकरा मिनिटांत तो परत उभा राहिला. एकही मेल गेला नाही, कारण येणारे मेल बाहेर रांगेत थांबले होते (प्रश्न ३). पण एका लॅबचे रिपोर्ट तेवढा वेळ अडकले, आणि ज्या घरात कोणी त्या रिपोर्टची वाट पाहत असतं त्यांना अकरा मिनिटं फार असतात. ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. एकाच वेळी चालू असणाऱ्या मशीनच्या नावांची सुरुवात निदान वेगळ्या अक्षराने असावी. ग्राहकांचा डेटा असलेल्या मशीनची खिडकी लाल. आणि प्रत्येक मशीनवर मॉली-गार्ड नावाचा छोटा प्रोग्राम, जो दूरवरून बंद करायला गेलं की 'मशीनचं नाव टाइप करा' म्हणून अडवतो. नाव वाचणं वेगळं आणि स्वतःच्या बोटांनी लिहिणं वेगळं.

९. नावात शहर किंवा डेटा सेंटर घातलं तर सोयीचं नाही का?

मशीन दहा शहरांत असतील तर सोयीचं आहे. अशा वेळी अनेक जण विमानतळांचे तीन अक्षरी कोड वापरतात. मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू. हे कोड शहराचं नाव बदललं तरी सहसा टिकतात. मुंबई होऊन तीस वर्षं झाली, कोड अजून बीओएमच आहे. पण मशीन एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याची शक्यता असेल तर जागा नावात नको. 'पुणे-२' ऐरोलीत बसलेला पाहून नवा माणूस गोंधळतोच.

१०. क्लाउडच्या जमान्यात नावं ठेवणं जुनाट नाही का? आता सर्व्हर म्हणजे पाळीव प्राणी नाही, गुरांचा कळप, असं म्हणतात.

ही उपमा मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकर यांची, आणि रँडी बायस यांनी ती सगळीकडे पोचवली. पाळीव प्राण्याला नाव देतो, आजारी पडला तर उपचार करतो. कळपातल्याला नंबर, आजारी पडला तर दुसरा आणतो. वेबसाइट दाखवणाऱ्या, एकसारख्या, स्वतःजवळ काहीच न साठवणाऱ्या मशीनबाबत हे बरोबर आहे. आमचीही तशी मशीन नंबरानेच चालतात.

मेल साठवणारं मशीन मात्र तसं नाही. त्याच्यावर कोणाच्या तरी पंधरा वर्षांच्या पत्रव्यवहाराचा भार आहे. त्याच्या जागी दुसरं सहज आणता येत नाही, आणि नाव असलं की त्याची काळजी घेतली जाते, असा माझा अनुभव आहे. शिवाय ज्या शेतकऱ्याने घरची गुरं सांभाळली आहेत तो प्रत्येक बैलाला नावानेच हाक मारतो. ती उपमा आपल्या गोठ्याला लागू पडत नाही.

११. शिफ्टिंगनंतर फोनवर सगळे जुने मेल पुन्हा उतरले. असं का झालं?

तुमच्या फोनला मेल ओळखायला नंबर लागतात. आयमॅपमध्ये (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत) प्रत्येक मेलला यूआयडी नावाचा एक ओळखक्रमांक असतो आणि प्रत्येक फोल्डरला यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा आकडा. तो आकडा बदलला की फोन समजतो, जुनी ओळख रद्द झाली, सगळं नव्याने आणा. मेल नुसते एका खात्यातून दुसऱ्यात टाकले तर हा आकडा बदलतो. दोन्हीकडे डव्हकॉट हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्याच सिंक साधनाने हे आकडे जसेच्या तसे नेता येतात. दोन्हीकडे वेगळी सॉफ्टवेअर असतील तर बहुधा एकदा सगळं उतरवणं नशिबी येतं. अशा वेळी आम्ही आधी कळवतो, म्हणजे मोबाइल डेटावर न राहता वायफायवर राहता येतं.

पॉप, म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत, वापरणाऱ्यांना जास्त त्रास. तिथे यूआयडीएल (पॉपमधला मेलचा ओळखक्रमांक) बदलला की आउटलुकमध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसतो. जुनी सीए ऑफिसं अजून पॉपवर आहेत, म्हणून शिफ्टिंगआधी आम्ही त्यांची वेगळी यादी करतो.

१२. नव्या सर्व्हरवरून पाठवलेले मेल लोकांच्या स्पॅममध्ये का जातात?

नवा आयपी म्हणजे गावात नव्याने राहायला आलेला माणूस. दुकानदार पहिल्या दिवशी उधारी देत नाही. पहिले काही आठवडे आम्ही थोडे-थोडे मेल नव्या आयपीवरून पाठवतो, बाकीचे जुन्यावरून. एसपीएफ नोंदीत ('या डोमेनचे मेल या आयपीवरून येऊ शकतात' असं सांगणाऱ्या) दोन्ही आयपी आधीच टाकलेले असतात. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, जुनी किल्ली डीएनएसमध्ये आणखी काही दिवस ठेवतो, कारण रांगेत अडकलेले मेल तिच्याच सहीने निघालेले असतात.

उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर, विसरू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून ही नोंद आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं. पीटीआरमध्ये आम्ही मशीनचं खरं नाव ठेवतो. म्हणून मेलचा मूळ मजकूर उघडला की 'रिसीव्ह्ड' ओळीत तोरणा किंवा रोहिडा दिसतो. ते पाहून 'हॅक झालं का?' असे फोन येतात. झालेलं नाही. मेल कुठल्या वाटेने आला याची ती नोंद आहे, आणि तिथे मशीनचं स्वतःचं नाव असणंच योग्य.

१३. मशीनच उचलून न्यायचं असेल तर?

एकमेव प्रत गाडीत घालायची नाही. आम्ही पुण्याहून नवी मुंबईला मशीन नेली तेव्हा लोहगड एका गाडीत आणि विसापूर दुसऱ्या गाडीत, तेही वेगवेगळ्या दिवशी. लोहगड पोचून, सुरू होऊन, मेल देऊ लागल्यावरच विसापूर बंद केला.

डिस्क बाहेर काढून प्रत्येकीवर खणाचा नंबर लिहिला, फोममध्ये गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन घाट उतरलो. वर्षानुवर्षं सलग फिरणारी डिस्क एकदा थांबून गार झाली की परत फिरेलच असं नाही. त्या प्रवासात आमच्या दोन फिरल्या नाहीत. रेडमुळे, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा मिळावा अशा मांडणीमुळे, डेटा वाचला. रॅकचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर मशीनचं नाव लिहा. हे फार छोटं वाटतं, पण पहाटे चारला स्क्रू शोधणारे हात थरथरत असतात.

१४. सर्व्हरला देवनागरीत नाव देता येतं का?

डोमेन देवनागरीत मिळतं. 'डॉट भारत' २०१४ मध्ये सुरू झालं आणि देवनागरी ईमेल पत्त्यांसाठीची आरएफसी २०१२ पासून आहेत. पण डीएनएसच्या आत ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच साठतं. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलताना आपली जी ओळख सांगतात ती साध्या रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि आडव्या रेघेत असावी लागते, अंडरस्कोरही चालत नाही. तेव्हा ग्राहकाचा पत्ता देवनागरीत जरूर घ्या, मशीनचं नाव रोमनमध्ये ठेवा.

रॅकवरची पट्टी मात्र आमची देवनागरीत आहे. काळ्या पत्र्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं 'तोरणा'. डेटा सेंटरमधल्या शेकडो मशीनमध्ये आपलं लांबूनच सापडतं.

१५. मशीन बंद झाल्यावर त्याचं नाव नव्या मशीनला देता येतं का?

लगेच नको. बॅकअपच्या याद्या, देखरेखीचे अलार्म, सुरक्षित जोडणीच्या जुन्या किल्ल्या या सगळ्यांत ते नाव बसलेलं असतं. आम्ही निदान दोन वर्षं थांबतो. राजगडाचं नाव तर परत द्यायचंच नाही असं ठरवलं आहे.

आणि एका जागेवरून ते पुसलंही जात नाही. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, आणि फाइलच्या नावात मेल आल्याची वेळ, एक वेगळा ठरणारा आकडा आणि तो ज्या मशीनवर उतरला त्याचं नाव असतं. या फाइली पुढे जशाच्या तशा कुठल्याही सर्व्हरवर कॉपी केल्या तरी फाइलचं नाव तेच राहतं. स्वच्छतेच्या उत्साहात ते बदलू नका. यूआयडीची यादी त्याच नावांवर टेकलेली आहे, ती मोडली तर प्रश्न ११ मधला त्रास सुरू होईल.

राजगड मशीन भंगारात जाऊन सहा वर्षं झाली. आज रोहिड्यावर एखाद्या जुन्या ग्राहकाचं खातं उघडून फाइलींची यादी काढली, की पहिली कित्येक पानं ओळीने राजगड, राजगड, राजगड असंच येत राहतं.